रात्री दार उघडं की बंद?

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. रात्री झोपताना खोलीचं दार उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं? आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले आणि हा विषय निघाला, तो चांगला तासभर चालला. एक ताई म्हणाली, "लावलं तं जीव गुदमरते, उघडं ठेवलं तं भेव वाटते."

अहिल्यानगर जिल्ह्यात शनी शिंगणापूरला घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. तिथली श्रद्धा तिथं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, टिनाचं घर अर्ध्या रात्रीपर्यंत तापलेलं असते. पुरुष अंगणात बाज टाकून मोकळे होतात. बाई मात्र आत, कडी लावून, पदरानं वारा घेत. जी एकटी राहते तिला तर दुसरा मार्गच नाही. ती उकाड्याला भीत नाही, माणसाला भीते. तिला कोणी "दार उघडं ठेव, हवा खेळू दे" असं सांगू नये. तिला जाळीचं दार पाहिजे. गावातला वेल्डिंगवाला लोखंडी चौकटीला जाळी मारून देतो. त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज मागायला बाया लाजतात. शेळीसाठी कर्ज चालते, मग झोपेसाठी का नाही?

आता सापाचं. दार लावलं म्हणजे साप येत नाही, असं पुष्कळ जणींना वाटते. दाराखाली बोटभर फट असली की मण्यार आत येते. ती रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा मुंगी चावल्यासारखा, कधी कधी कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. मग पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. घरचे म्हणतात, काही खाण्यात आलं असेल. असं झालं तर मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. 108 ला फोन लावा, सरकारी दवाखाना गाठा. मण्यारीवर चालणारी लस तिथं मिळते. आणि रोजचा उपाय म्हणजे मच्छरदाणी, चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. नेपाळच्या तराईत अभ्यास झाला, त्यात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झालेले दिसले. बाज असेल तर बाजेवर झोपा. दाराची फट जुन्या पोत्यानं बुजवा, पण सकाळी ते पोतं हातानं उचलू नका, काठीनं सरकवा.

मच्छरदाणी असली की अगरबत्तीही लागत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी सांगितलं होतं, की बंद खोलीत मच्छरांची एक अगरबत्ती जाळणं म्हणजे जवळपास 100 सिगारेटींचा धूर. त्याच खोलीत आपलं लेकरू झोपलेलं असते. थंडीत शेगडीचे निखारे आत घेऊन दार लावणं तर त्याहून वाईट. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेक घ्या, पण झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा.

दिवाळीनंतर आपल्या घरात कापूस असतो. भाव वाढेल म्हणून आढ्यापर्यंत भरलेला, आणि त्याला टेकूनच अंथरुण. अंगाला खाज सुटते ती वेगळी, पण ठिणगी पडली तर पळायला वाट कुठं? कापसाच्या खोलीत झोपूच नका. तिचं दार लावून ठेवा, बंद दारानं आग आणि धूर थोडा वेळ तरी अडतो. अगदीच जागा नसेल तर निदान दारासमोर गाठोडं ठेवू नका.

एक गोष्ट बैठकीत हळू आवाजात निघाली. नव्या सुनेनं आतून कडी लावली की काही घरांत टोमणे सुरू होतात. वयात आलेल्या पोरीनं लावली की विचारतात, काय लपवते? सासूबाईंनो, मी तुमच्याशीही बोलते आहे. तुम्ही सून होता तेव्हा तुम्हालाही कडी हवी होती. कडी हातानं आतून चटकन निघाली पाहिजे, एवढंच बघा. रात्री आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवू नका.

जाळीचं दार करून घेणाऱ्यांसाठी शेवटचं. जाळी एवढी बारीक घ्या की बाहेरून बोट घालून कडी सरकवता येऊ नये. दार बसवल्यावर वेल्डिंगवाल्याचे पैसे देण्याआधी ते स्वतः बाहेर उभं राहून तपासा.