माळ घातली, पण डॉक्टरांना विचारलं नाही

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज दारूविषयी बोलायचंय, पण कुणाला नावं ठेवायला नाही. आमची एक चूक सांगायची आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मालकांनी गळ्यात माळ घातली. सकाळपासून पिणारा माणूस, एका दिवसात दारू बंद! आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरायला लागले. दरदरून घाम, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडले आणि झटका आला. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. अंगारा आणण्यात आम्ही तास घालवला, मग 108 ला फोन केला. माणूस वाचला, पण थोडक्यात.

तेव्हा कळलं, रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. एकदम तोडली तर पहिल्या काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टरांना दाखवावं. त्या दिवसांसाठी औषधं असतात.

पण इतकं होईपर्यंत थांबायचंच कशाला? खुणा आधीच दिसतात. बाजारच्या दिवशी पिणारा रोज प्यायला लागतो. पहिल्याइतकीने भागत नाही. कामावर खाडे पडतात. बाटली लपवली जाते. विषय काढला की राग येतो. आणि उठल्या उठल्या घोट लागत असेल, तर दवाखाना लांबवू नका. डोळे पिवळे, पोट फुगलेलं किंवा रक्ताची उलटी दिसली, तर त्याच दिवशी जा. बाई पीत असली तरी खुणा ह्याच. पोटुशीने तर थेंबही घेऊ नये.

बोलायचं ते सकाळी, शुद्धीवर असताना. "दारुडा" म्हणून नाही. "काल पोराची फी राहिली" असं, घडलेलं सांगून. त्यांची उधारी आपण फेडू नका. न सांगता भाजीत मिसळायची औषधं मुळीच देऊ नका. दारू सोडवायच्या काही गोळ्यांवर दारू पोटात गेली, तर जीव जाऊ शकतो. आणि हात उचलला जात असेल, तर समजूत घालत बसू नका. आधी पोरांना घेऊन सुरक्षित जागी जा, 112 किंवा 181 ला फोन करा.

मदत जवळ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, ते जिल्हा रुग्णालयात पाठवतील. टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, घरच्यांनीही लावावा. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते.

आणि आपल्या हातातलं एक. पोराला बाटली आणायला पाठवू नका. हळदीच्या रात्री "एवढ्यानं काय होतंय" म्हणणाऱ्याला तिथंच अडवा.

ते मालक आता दूध घालायला स्वतः डेअरीवर जातात. मधे एकदा घसरले, पुन्हा दवाखान्यात गेले. ताई म्हणतात, "घसरले तरी वाट माहीत झाली." तुमच्या गटात कुणी गप्प बसत असेल, तर पुढच्या बैठकीत तिच्याशेजारी बसा.