बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हा गिरणी कामगार, म्हणजे संपावर नाहीतर बोनसवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मी बोलणार आहे ते नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या रक्तावर, म्हणजे सिकलसेलच्या तपासणीवर. मी काही डॉक्टर नाही. जे वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, ते सांगतो.

कोणी म्हणेल, हा आजार विदर्भातला, भोर-वेल्ह्याला त्याचं काय? अहो, वधू-वर मेळाव्यांमुळे आपली सोयरीक आता नागपूर-चंद्रपूरपर्यंत जाते! आणि तिकडे आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग असह्य दुखतं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात पीडित मूल होण्याची शक्यता शंभरात २५. नुसता वाहक मात्र आजारी नसतो. तो तुमच्या-माझ्यासारखाच नांगर धरतो, साचा चालवतो.

आणि हा जातीचा डाग नव्हे. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक माणूस त्या तापातून तगला, म्हणून हा गुण टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. आपण जातीतल्या जातीत लग्नं करून त्याला एका जागी कोंडून ठेवला. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाने, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात मांडलं होतं.

आता बाळाचं बघा. नवजात बाळाच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. त्यामुळे शिबिरात मोठ्यांची करतात ती साधी चाचणी त्याला चालत नाही. टाचेला टोचून थेंब घ्यायचा आणि प्रयोगशाळेत तपासायचा. काही महिने बाळ ठणठणीत दिसतं. मग हातपाय सुजतात, आणि एखाद्या तापात पोर दिवसभरातसुद्धा जाऊ शकतं. अमेरिकेत अशा २१५ लहान मुलांवर अभ्यास झाला. निम्म्यांना रोज पेनिसिलिन दिलं, त्यांच्यात जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. १९८६ साली हे छापून आलं आणि जन्मतःच तपासणी करण्याला खरा अर्थ आला.

पण त्याआधीचं त्याच देशातलं ऐका. १९७० नंतर काही राज्यांनी काळ्या लोकांवर सिकलसेलच्या तपासणीची सक्ती केली. तेव्हा बाळाला द्यायला हे औषध ठरलेलं नव्हतं, वाहक आणि रोगी यांतला फरकही नीट सांगितला नाही. नोकरीत, विम्यात माणसं अडवली गेली. हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहक तरुणांना १९८१ पर्यंत बंद होती. रक्त तेच, मागे उपचार नाही, म्हणून तपासणीची झाली शिवाशिव!

विज्ञान आता फार पुढे गेलंय. इंग्लंडात मँचेस्टरला बाळाच्या गालातून बोळा फिरवून २६ मिनिटांत जनुक तपासतात. जेंटामायसिन या औषधाने ज्या बाळाला बहिरेपण येऊ शकतं ते त्यात कळतं, त्याला दुसरं औषध देतात. ही खरी तपासणी, हातात पर्याय असलेली. पण तो गुण आईकडून येतो. म्हणजे बाळाच्या गालातून आईचं, मावशीचं, मामाचंही गुपित बाहेर पडतं. त्यांना कोण विचारणार?

आपल्याकडे २०२३ साली केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली, समुपदेशनाची कार्डं आली. चांगलं काम आहे, विरोध नाही. माझी धास्ती वेगळी आहे. आपण पत्रिका बघणं सोडलं, आता कार्ड बघून पोरगी नाकारायची का? मुलाचं कार्ड कोण मागतं हो? दोघे वाहक असतील तर त्यांना नीट समजावून सांगा, निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन सामान्य असेल तर मूल सिकलसेलचं रोगी होत नाही, हेसुद्धा ठाऊक नसताना सोयरीक मोडणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

कायद्याचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला, पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात नाही. नाव यादीत, माणूस दाराबाहेर.

विनयपिटकातली कथा इथे आठवते. स्वतःच्याच घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी विचारलं, काय होतंय? आणि लगेच आनंदाला पाणी आणायला सांगून दोघांनी मिळून त्याला धुतलं. विचारणं ही तपासणी झाली, पाणी हा उपचार. मध्ये खंड नाही.

तेव्हा समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. मेळाव्याच्या फॉर्मवर सिकलसेलचा रकाना छापू नये. तपासणी शिबिर घ्यायचं तर पुढे औषध कोण देणार, हे आरोग्य केंद्राकडून आधी लेखी घ्यावं. आणि अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यावा, बाळाचा असेल तर आई-बापाच्या, माईकवरून नावं पुकारू नयेत. आजच्या बैठकीत यावर ठराव घ्यावा, ही विनंती. जयभीम!