रायटर्स बिल्डिंगच्या सावलीत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी साहित्यसभेत केलेले भाषण)



‘संसार सांभाळून लेखन’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली. आमचे भांडवल आधीच सांगून टाकतो. छत्तीस वर्षांची कारकुनी, मासिकांतून आणि आपल्या मंडळाच्या अंकांतून छापून आलेल्या चौदा कथा, आणि एक अपुरी कादंबरी. एवढ्या पुंजीवर व्याख्यान देणे हे धाडसच आहे. तथापि पोहून पार गेलेल्याला नदी जितकी ठाऊक असते, त्याहून गटांगळ्या खाल्लेल्याला ती थोडी अधिक ठाऊक असते, एवढाच आमचा अधिकार.

आमचे वडील बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत नागपूर सोडून येथील गार्डन रीचच्या कचेरीत रुजू झाले. पुढे आम्हीही नोकरीला लागलो, ते डलहौसी चौकात, म्हणजे आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेत. कचेरीच्या जिन्यावरून समोरची लांबलचक तांबडी रायटर्स बिल्डिंग दिसे. ही इमारत प्रथम उभी राहिली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण कारकुनांसाठी. कंपनीच्या दप्तरी कारकुनाला ‘रायटर’ म्हणत. राज्याचा कारभार २०१३ साली गंगेपलीकडे ‘नवान्न’मध्ये गेला, पण इमारतीचे नाव तेच राहिले. लेखक आणि कारकून या दोघांना एकच शब्द पुरवणाऱ्या त्या वास्तूकडे पाहून आम्हांला पुष्कळ वर्षे वाटे की, दैवाने आमची थट्टा चालवली आहे. लेखक व्हायला निघालो आणि ‘रायटर’ झालो!

त्या दिवसांत आमचे एक लाडके गाऱ्हाणे होते. सवड नाही. सकाळी बाजार, मग बालीगंजहून ट्राम, दिवसभर खतावण्या, संध्याकाळी पुन्हा ट्राम, घरी आल्यावर मुलीचा अभ्यास आणि पाहुण्यांचा राबता. नागपूरहून बंगालात आलेल्या एका रेल्वे-कुटुंबाची कादंबरी आमच्या डोक्यात आकार घेत होती. ती लिहायची कधी? तर पूजेच्या सुट्टीत. पूजेची सुट्टी येई. चार दिवस पाट मांडून, नवी दौत भरून आम्ही बसत असू, आणि दसऱ्याला पाहावे तो पहिल्या पानावर शीर्षकाखेरीज काही नसे. मग आम्ही म्हणत असू, एवढ्याशा सवडीत का कादंबरी होते?

हे गाऱ्हाणे किती पोकळ आहे, हे आम्हांला या शहराच्या लेखकांनी दाखवले. शरच्चंद्र चट्टोपाध्याय आपल्या आईवडिलांच्या पिढीला मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे घरच्यासारखे होते. ते १९०३ साली रंगूनला गेले आणि १९१६ पर्यंत तेथे सरकारी हिशेबखात्यात कारकुनी करीत राहिले. घरापासून दूर, परमुलखात, आपल्या भाषेचे वाचक समुद्रापलीकडे! १९१२ साली त्यांच्या घराला आग लागली, आणि ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित जळाले. नोकरीवर असतानाच त्यांनी ती कादंबरी पुन्हा लिहायला घेतली, आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने बाहेर आली. आमची तर जळायलाही काही पाने नव्हती.

विभूतिभूषण बंदोपाध्याय १९२०च्या दशकात भागलपूरकडे एका जमीनदारी इस्टेटीचे काम पाहत होते. ‘पथेर पांचाली’ त्यांनी तेथे लिहिली. ती आधी ‘विचित्रा’ मासिकात क्रमशः आली आणि १९२९ साली तिचे पुस्तक झाले. शेतसारा, पट्टे, जंगलतोड यांत गेलेले ते दिवस वाया गेले म्हणावे, तर त्यांतूनच पुढे ‘आरण्यक’ ही कादंबरी निघाली. आपल्याकडे हरिभाऊ आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचा व्याप सांभाळून त्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातूनच प्रकरणाप्रकरणाने वाचकांपुढे आली. दर आठवड्याचा अंक सवडीची वाट पाहत नाही.

मंडळी, येथवर बोलून आम्ही खाली बसलो असतो, तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. पण या सगळ्या हकिकतींत एक प्रश्न कोणी विचारीत नाही. हे पुरुष लिहीत होते, तेव्हा घरातले दिवाबत्तीचे, चुलीचे, आजारपणाचे कोण पाहत होते? आणि लिहिणारी स्वतःच चुलीपाशी असेल तर? आशापूर्णा देवी १९०९ साली याच शहरात जन्मल्या. शाळेचे तोंड त्यांना पाहायला मिळाले नाही. पंधराव्या वर्षी लग्न झाले, मुले झाली, एकत्र कुटुंबाचा सगळा भार अंगावर आला. तो उचलून त्यांनी लिहिले. १९६४ साली ‘प्रथम प्रतिश्रुती’ प्रसिद्ध झाली, आणि १९७६चा ज्ञानपीठ पुरस्कार तिच्यासाठी त्यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या लेखनाचा विषय तरी काय? घराच्या चार भिंतींआड कोणाचे काय काय गेले, त्याचाच तो हिशेब आहे.

आमच्या घरचा हिशेब आम्हांला कळला तो १९७९च्या पावसाळ्यात. त्या वर्षांतले लोडशेडिंग येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. संध्याकाळ झाली की सारा मोहल्ला अंधारात बुडे. रॉकेल रेशनवर, आणि आमच्या बिऱ्हाडात कंदील एकच. शरच्चंद्र वाचून आम्हांला नवा आवेश चढला होता. रोज रात्री दोन पाने लिहायचीच, असा नेम आम्ही केला, आणि कंदील उचलून आमच्या मेजावर नेला. सलग सतरा दिवस नेम चालला. चौतीस पाने झाली. एवढा आनंद आम्हांला बढतीच्या पत्रानेही झाला नव्हता.

अठराव्या दिवशी मुलीची गणिताची वही सहीसाठी पुढे आली. ती तेव्हा पाचवीत होती, आणि सहामाही परीक्षा तोंडावर होती. वहीच्या पानापानावर मेणाचे डाग होते. एका पानाची कड जळलेली होती. सतरा रात्री ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेणबत्तीवर गणिते सोडवीत होती, आणि तिची आई त्याच उजेडात पोळ्या लाटत होती. आम्ही विचारले, “मला सांगितले का नाही?” पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही लिहीत होतात ना.”

त्या वाक्यात रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. आमच्या चौतीस पानांत एका आईची मोठी करुण व्यक्तिरेखा होती. लोकांनी डोळे पुसावेत, अशी आमची इच्छा होती. आणि ती रंगवताना प्रत्यक्ष आई चार हातांवर अंधारात होती.

तेव्हापासून आमची अशी खात्री झाली आहे की, लेखकाला वेळ मिळत नसतो. तो कोणाकडून तरी घेतलेला असतो. तो न विचारता घेतला तर चोरी, विचारून घेतला तर कर्ज. आणि कर्ज फेडावे लागते. त्या रात्री कंदील मेजावरून उठला, तो अभ्यासाच्या चटईवर गेला. पुढे काही महिने आम्ही एक ओळ लिहिली नाही, कारण मनात रुसवाही होता, हे कबूल केले पाहिजे. मग एका रविवारी पतिपत्नी समोरासमोर बसून ठराव झाला. पहाटे चार ते सहा ही वेळ आमची. तेव्हा बहुधा वीज असे. रविवारचा बाजार आणि सकाळचा स्वयंपाक आमच्याकडे. आणि गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमींसाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पत्नीच्या. त्या वर्षी तिने मंडळाच्या रंगमंचावर प्रथम काम केले. आमचा पहिला भात कच्चा राहिला, पण तिचे काम उत्तम झाले.

कादंबरी मात्र पुरी झाली नाही. पहाटेच्या दोन तासांत कथा होत. कादंबरीचा लांब श्वास आम्हांला साधला नाही. याचा दोष आम्ही आता ठरावाला देत नाही, कचेरीलाही देत नाही. आमची धाव तेवढीच होती, आणि ती किती आहे हे लिहूनच कळले. सवडीची वाट पाहत राहिलो असतो, तर आपण थोर कादंबरीकार झालो असतो, या समजुतीत आयुष्य सुखाने गेले असते.

दूरदेशी राहणाऱ्यांसाठी अजून एक अडचण असते. ज्या भाषेत लिहायचे, ती उंबऱ्याबाहेर कानावर पडत नाही. सखाराम गणेश देऊस्कर मूळचे मराठी घराण्यातले. देवघरच्या शाळेतली मास्तरकी सोडून ते कोलकात्यात ‘हितवादी’ पत्रात मुद्रिते तपासू लागले आणि पुढे संपादक झाले. त्यांनी बंगाली लिहिले, आणि १९०४ साली निघालेली त्यांची ‘देशेर कथा’ स्वदेशीच्या दिवसांत बंगालभर वाचली गेली. १९१० साली इंग्रज सरकारने ती जप्त केली. तो मार्ग थोर आहे. आम्ही मराठीत लिहिले ते अभिमानाने नव्हे. आमची माणसे आमच्या मनात मराठीतच भांडत होती, म्हणून. पण वाचणार कोण? मुलगी बंगाली शाळेत शिकलेली. तिने आमची पहिली छापील कथा बोट ठेवून वाचली आणि विचारले, “बाबा, माजघर म्हणजे काय?” आम्ही सांगू लागलो, आणि ध्यानात आले की, ते तिने कधी पाहिलेलेच नाही. पुढल्या कथेत आम्ही माजघर नुसते नावाने सांगितले नाही. त्याची ओल, त्याचा अंधार, तेथे निजलेली आजी, सारे लिहिले. ती कथा आमच्या चौदांत सर्वांत बरी, असे जाणकार म्हणतात. घरातल्या अडाणी प्रश्नाने आम्हांला जे शिकवले, ते सवडीने शिकवले नसते.

येथे बसलेल्या तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहीजण भ्रमणध्वनीवर लिहिता, मेट्रोच्या डब्यात लिहिता, बाळ झोपले की लिहिता, असे ऐकतो. लिहा. थोडे लिहा, पण ठरलेल्या वेळी लिहा. ती वेळ घरात सर्वांसमक्ष मागून घ्या, आणि घेतली तितकी परत करा. विशेषतः लिहिणाऱ्या सुनांना आणि लेकींना ही वेळ मागावी लागू नये, एवढे तरी आपण वडीलधाऱ्यांनी पाहावे. आणि लिहून झाले की घरातल्या अशा एकाला वाचून दाखवा, की ज्याला तुमचे मराठी अडते.

तो कंदील अजून आमच्याकडे आहे. काच फुटली आहे, वात नाही. नात त्याला शोभेची वस्तू समजते. मेणाचे डाग पडलेली वहीही चौतीस पानांच्या शेजारी एकाच पेटीत ठेवली आहे. कोणी आमच्या लेखनाची किंमत विचारली, तर आम्ही दोन्ही एकत्रच दाखवतो.