दूरचित्रवाणीची तार



मी कामगारांत वावरणारा मनुष्य. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण पुस्तकांनी आणि कारखान्याच्या फाटकाने दिले. म्हणून आज एक लहानसाच प्रश्न घेऊन आपणांपुढे उभा आहे. दूरचित्रवाणीची तार बदलली, म्हणजे घरातले चित्र सुधारते काय? प्रश्न लहान, पण त्यात घामाच्या पैशाचा हिशेब आहे. "एवढा भारी टीव्ही घेतलात, मग तार साधी कशाला?" असे दुकानात म्हणतात, आणि दोन-तीन दिवसांची मजुरी एका तारेत जाते.

प्रथम मागची गोष्ट पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1973 साली सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते कार्यक्रम पुण्याकडे दिसू लागले. ह्या लहरी सरळ रेषेत जातात. कोळवण खोऱ्यासारख्या डोंगरांच्या कुशीतल्या मुलखात सरळ येणारी लहर डोंगराने अडावयाची, आणि दुसऱ्या कड्यावर आपटून आलेली लहर उशिरा पोहोचावयाची. पडद्यावर मुंग्या आणि माणसामागे त्याची सावली, ती ह्यामुळे. त्या पद्धतीत तारेत जेवढे गळे, तेवढे चित्रातून गळे. म्हणून चांगली तार आणि घट्ट सांधा ह्यांनी चित्र खरोखरच सुधारत असे. 'भारी तार, भारी चित्र' ही समजूत अनुभवातून आलेली आहे.

परंतु पद्धत बदलली, समजूत मात्र तीच राहिली. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत जी एचडीएमआय तार आपण लावतो, तिचा पहिला आराखडा 2002 सालचा. तिच्यातून चित्र जाते ते शून्य आणि एक ह्या अंकांच्या रूपाने. कारखान्याचा हजेरीपट डोळ्यांपुढे आणा. त्यात हजर किंवा गैरहजर, एवढेच असते. कागद जाड असो वा पातळ, वाचता येतो तोवर हजेरी तीच. तसेच येथे आहे. अंक नीट पोहोचले, तर स्वस्त तारेतले आणि महाग तारेतले चित्र एकच. न पोहोचले, तर चित्र अडखळते, ठिपके चमकतात, पडदा काळा होतो. रंग थोडे फिके किंवा चेहरा थोडा पुसट, असा दोष ही तार निर्माण करीत नाही.

मग तार कधी बदलावी? तीन प्रसंगी. पहिला: अजून पिवळ्या टोकाची जुनी तार असेल तर. तिच्यातून 576 ओळींचेच चित्र जाते. एचडी चित्र 1080 ओळींचे असते. अर्थात बॉक्स आणि वाहिनीही एचडी हवी, नाहीतर खर्च फुकट. दुसरा: फोर-के चित्र पाहावयाचे असेल तर. 2013 च्या आराखड्यात सेकंदाला 18 अब्ज, 2017 च्या आराखड्यात 48 अब्ज अंक वाहून नेण्याची सोय आहे. जुनी किंवा फार लांब तार तेथे कमी पडू शकते. तेव्हा किंमत न पाहता प्रमाणपत्राची चिठ्ठी पाहावी. तिसरा: टोक गंजले किंवा सैल झाले असेल तर. आपल्या मुळशीच्या पावसात छत्रीच्या तारेच्या सांध्यात पाणी शिरते आणि चित्र गोठते. तेथे सांधा बदलावा. सोन्याचा मुलामा गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. तो चित्राला रंग देत नाही.

आता विकणाऱ्याविषयी. काउंटरमागचा मुलगाही आपलाच भाऊ आहे. किती माल खपवला ह्यावर त्याचा पगार टांगलेला असतो. त्याच्यावर डाफरू नका. शांतपणे विचारा, "ह्या तारेने माझ्या चित्रातला कोणता दोष जाईल?" उत्तर नसेल, तर तार तेथेच ठेवा. 1974 साली ह्याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातींना दंडाची तरतूद केली. पण कायदा तक्रारीनंतर येतो. प्रश्न खरेदीच्या आधी विचारता येतो.

मजुरी वाढावी म्हणून आपण महिनोन् महिने झगडतो. मिळालेली वाढ न विचारता दिलेल्या पैशांतून निसटू नये, एवढीच माझी विनंती आहे.