लोकप्रियता आणि पारख

क्रीडांगणावरील एखादा गडी खरोखर चांगला आहे काय, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा त्याचे उत्तर गुणफलकावर सापडते. परंतु क्वचित असा एखादा खेळाडू निपजतो की, फलक एक सांगतो आणि डोळ्यांना दुसरेच दिसते. २०११ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या ब्रॉन्कोज संघात असा एक चोवीस वर्षांचा तरुण खेळत होता. त्याचे नाव टिम टीबो. त्या हिवाळ्यात त्याच्याविषयी अमेरिकेत जो वाद माजला, तो एका खेळाडूपुरता नव्हता. गुणाची पारख कशी करावी, याविषयीचाच तो वाद होता.

अमेरिकन फुटबॉल हा नावाने फुटबॉल असला, तरी त्यात पायांपेक्षा हातांचे काम अधिक. अकरा गड्यांचा संघ लंबगोल चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीकडे सरकतो. दहा यार्ड पुढे जाण्यास त्याला चार प्रयत्न मिळतात. त्या प्रयत्नांचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू दूरच्या सोबत्याकडे फेकावा, जवळच्याच्या हाती द्यावा, की स्वतःच घेऊन धावावे, याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत करावा लागतो. आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याला लोळविण्यासाठी अंगावर येत असतात. म्हणूनच संघाचे जय-पराजय या एका गड्याच्या नावावर मांडण्याची तेथे रीत पडली आहे. वादाचे मूळ या रीतीतच आहे.

टीबो हा ख्रिस्ती मिशनरी दांपत्याचा मुलगा. त्याचा जन्म फिलिपिन्समध्ये झाला. फ्लॉरिडा विद्यापीठाकडून खेळताना २००७ साली त्याने महाविद्यालयीन खेळातील सर्वश्रेष्ठ मानली जाणारी हाइस्मन ट्रॉफी मिळविली. मैदानावर गुडघा टेकून प्रार्थना करण्याची त्याची मुद्रा इतकी प्रसिद्ध झाली की, हौशी लोक ठिकठिकाणी तिचे अनुकरण करून छायाचित्रे काढू लागले. कित्येकांना तो त्याच्या श्रद्धेमुळे प्रिय झाला आणि कित्येकांच्या उपहासाचा विषयही तो त्या श्रद्धेमुळेच झाला. त्याची फेक कशी आहे, हे पाहण्याची निकड या दोन्ही पक्षांना नव्हती.

२०११च्या हंगामात पहिल्या पाच सामन्यांपैकी चार सामने डेन्व्हरने गमावले. काइल ऑर्टन हा अनुभवी गडी बाजूला सारला गेला आणि प्रेक्षक ज्याच्या नावाचा घोष करीत होते, त्या टीबोकडे सूत्रे आली. मायामी येथील सामन्यात शेवटची तीन मिनिटे उरली असता संघ शून्याविरुद्ध पंधरा गुणांनी मागे होता. तेवढ्या अवधीत त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळात संघ जिंकला. पुढच्या सामन्यात दारुण पराभव झाला. परंतु त्यानंतर लागोपाठ सहा विजय मिळाले. न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध शेवटचे मिनिट चालू असताना तो स्वतः वीस यार्ड धावत गेला आणि सामना फिरला. आठ सामन्यांत सात विजय! जो जिंकतो तो चांगला, याहून दुसरा पुरावा कशाला हवा, असा त्याच्या चाहत्यांचा सवाल होता.

टीकाकारांपाशीही पुरावा होता. त्या हंगामात टीबोने २७१ वेळा चेंडू फेकला. त्यांपैकी १२६ फेकीच सोबत्यांच्या हाती पडल्या. हे प्रमाण शेकडा साडेशेहेचाळीस. इतर संघांचे सर्वसाधारण प्रमाण शेकडा साठाच्या आसपास होते आणि नियमित क्वार्टरबॅकांत टीबो तळाशी होता. कॅन्सस सिटीविरुद्ध जिंकलेल्या एका सामन्यात तर त्याच्या आठांपैकी दोनच फेकी सफल झाल्या. दोष केवळ नशिबाचा नव्हता. हा डावखुरा गडी फेकण्यापूर्वी चेंडू कमरेजवळ खाली आणी आणि मग लांब वळसा देऊन हात वर नेई. त्यात जाणारा निमिष महाविद्यालयात खपून गेला; परंतु व्यावसायिक खेळातील चपळ बचावपटूंना तेवढा अवधी पुरेसा होता.

मग हे विजय आले कोठून? शिकागोविरुद्धचा सामना पाहावा. प्रतिपक्षाचा एक गडी चेंडू घेऊन सीमेबाहेर गेला आणि घड्याळ थांबले. मॅट प्रेटरने एकोणसाठ यार्डांवरून चेंडू लाथेने खांबांमधून धाडून बरोबरी केली. जादा वेळात त्याच प्रतिपक्षी गड्याच्या हातून चेंडू निसटला. आणि प्रेटरने पुन्हा एक्कावन्न यार्डांवरून सामना जिंकून दिला. दहा-बारा गुणांवर प्रतिपक्षाला रोखून धरणारी बचावफळीही वेळोवेळी पाठीशी होती. विजय संघाचा होता. नाव मात्र एकाचे झाले.

तरीही टीकाकारांचा हिशेबही पुरा नव्हता. त्या मोसमात टीबोच्या सहाच फेकी प्रतिपक्षाने झेलल्या. तो स्वतः ६६० यार्ड धावला. प्रशिक्षक जॉन फॉक्स यांनी त्याच्यासाठी आक्रमणाची सारी पद्धत बदलली. क्वार्टरबॅकच धावेल या धास्तीने प्रतिपक्ष गोंधळे, सोबत्यांना वाट मोकळी मिळे. आणि धावून मिळविलेल्या यार्डांत डेन्व्हरचा संघ त्या वर्षी पहिला आला. शेवटच्या मिनिटांत न डगमगणे हाही गुणच होय. तो टक्केवारीत दिसत नाही, एवढेच.

कसोटी जानेवारी २०१२मध्ये लागली. ८ तारखेला बाद फेरीत पिट्सबर्गचे बचावपटू धाव रोखण्यासाठी पुढे दाटून उभे राहिले. जादा वेळाच्या पहिल्याच खेळीत टीबोने डिमेरियस टॉमसकडे चेंडू फेकला. तो ऐंशी यार्ड जाऊन सामना संपला. सहा दिवसांनी न्यू इंग्लंडविरुद्ध त्याच्या सव्वीसांपैकी नऊ फेकीच सफल झाल्या आणि डेन्व्हरचा १०–४५ असा पराभव झाला. पहिल्या सामन्यात तो काय करू शकतो, हे दिसले. दुसऱ्यात तो काय नेहमी करू शकत नाही, हे दिसले.

मार्चमध्ये डेन्व्हरने पेटन मॅनिंगला आणले आणि टीबोला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठविले. तेथे सबंध मोसमात त्याने आठच वेळा चेंडू फेकला. त्यानंतर व्यावसायिक फुटबॉलच्या नियमित सामन्यात त्याला पुन्हा फेकण्याची संधी मिळाली नाही. योगायोग असा की, फेब्रुवारी २०१६मध्ये डेन्व्हरने सुपर बोल जिंकला, तेव्हा मॅनिंगचा मोसमही वाईटच गेला होता; टचडाउनच्या नऊ फेकींसमोर प्रतिपक्षाने झेललेल्या सतरा होत्या. संघाला तारले बचावफळीने. परंतु मॅनिंग चांगला आहे काय, असे कोणी विचारले नाही. कारण त्याचे उत्तर अनेक वर्षांच्या खेळाने आधीच दिलेले होते.

एका विजयाने कोणी थोर ठरत नाही आणि एका उतरत्या मोसमाने कोणी क्षुद्र ठरत नाही. कौशल्य म्हणजे पुन्हा पुन्हा हुकमी घडणारी गोष्ट. या कसोटीवर टीबो जिद्दीचा, धैर्याचा गडी ठरतो. उत्तम क्वार्टरबॅक ठरत नाही. हे मान्य केल्याने मायामीची ती तीन मिनिटे खोटी होत नाहीत. लोकांनी त्याच्यावर प्रेम केले, यात त्यांची चूक नव्हती. प्रेमालाच त्यांनी पुरावा मानले, चूक तेथे झाली.