ज्याचे चित्र त्याच्या घरी

(विहाराच्या वर्धापनदिनी भरविलेल्या छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी आम्हां भावंडांच्या वतीने केलेले भाषण)



या सभागृहाच्या तिन्ही भिंतींवर आज जी छायाचित्रे लागली आहेत ती आमच्या थोरल्या भावाने, म्हणजे आपणां सर्वांच्या गार्डसाहेबांनी काढलेली आहेत. ही सर्व मूळ चित्रे विहाराच्या वाचनालयात कायमची लावावीत, अशी समितीची इच्छा आहे. मागणी प्रेमाची आहे, हे आम्ही जाणतो. आम्ही तिघे, दोन बहिणी आणि एक भाऊ, महिनाभर या गोष्टीवर बोललो, थोडे भांडलोसुद्धा. आमचे उत्तर 'नाही' असे आले आहे. परंतु ते कोरडेपणाने सांगून मोकळे होणे बरे दिसणार नाही, म्हणून जरा सविस्तर बोलतो.

दादा रेल्वेत मालगाडीवर गार्ड होता. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. दादा २०१७ सालीच निवृत्त झाला, त्यामुळे तो शेवटपर्यंत गार्डच राहिला. त्याची बहुतेक नोकरी गोंदिया-बल्लारशा मार्गावर गेली. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. ज्यांनी या मार्गाने प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको की धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि जंगल यांच्यातूनच ही गाडी जाते. एकेरी मार्ग असल्यामुळे समोरून पॅसेंजर यायची असली की मालगाडी बाजूच्या लाइनीवर उभी. कधी अर्धा तास, कधी तीन तास. शेवटच्या डब्यात माणूस एकटा, आणि समोर तलाव. दुसरा कोणी असता तर झोपला असता. दादा पाहत बसला.

ड्यूटीवर कॅमेरा न्यायचा नाही, हा त्याचा नियम होता. ड्यूटीवर फक्त पाहायचे आणि डायरीत टिपायचे : तारीख, वेळ, किलोमीटरच्या खांबाचा आकडा, काय दिसले. मग सुटीच्या दिवशी सायकलने, पुढे लुनाने, त्या जागी जायचे. १९८६ साली त्याने एक जुना रशियन झेनिट कॅमेरा घेतला. वजनाने वीट. त्याला ५८ मिलिमीटरची लेन्स होती. जाणकारांना ठाऊक आहे की एवढ्या लेन्सने पक्षी काढायचा म्हणजे पक्ष्याच्या अंगावरच जायला पाहिजे, आणि अंगावर गेले की पक्षी उडतो. त्यामुळे त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या चित्रांत तलाव मोठा, आभाळ त्याहून मोठे आणि पक्षी तिळाएवढा. आम्ही विचारायचो, "दादा, यात पाखरू कुठे हाय?" तो म्हणायचा, "हाय ना, नीट पाहा." छत्तीस चित्रांचा एक रोल त्याला दोन-दोन महिने पुरत असे, कारण विचार केल्याशिवाय तो बटन दाबत नसे. रोल धुऊन आला की त्यातली चार-पाच चित्रे तो पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्यायचा.

आता मुख्य गोष्ट. ही चार-पाच चित्रे त्याने स्वतःजवळ कधी ठेवली नाहीत. प्रत्येक चित्र कोणासाठी, हे ठरलेले असायचे.

आमच्या मायला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या चित्रांच्या पाठीमागे दादा काही लिहीत नसे, तर पेन्सिलीने तेच चित्र पुन्हा रेखाटायचा आणि पक्षी असेल तिथे एक लहान गोल काढायचा. माय आधी पाठ पाहायची, मग पालटून पुढची बाजू पाहायची आणि पक्षी सापडला की हसायची. तिचा आवडता सारस. महाराष्ट्रात सारस म्हटला की तो मुख्यत्वे आपल्या गोंदियाचा, भंडारा-चंद्रपूरकडे एखाद-दुसरा. आज सगळे मिळून पन्नासही भरत नाहीत. धानात फवारलेले विष आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा, दोन्ही त्याच्या जिवावर उठल्या आहेत. पाच-सहा फूट उंचीचा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, पाणी साचलेल्या बांधीत गवताचा ढीग रचून घरटे करतो. बहुधा दोनच अंडी घालतो, आणि नर-मादी दोघेही आळीपाळीने महिनाभर उबवतात. मायने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी केली होती. सारस तिने आमच्यापेक्षा जवळून पाहिला होता. तरी दादाने घरट्याचे चित्र जवळून कधी काढले नाही. माणूस जवळ गेला की जोडी उठते आणि कावळा अंडी नेतो, असे त्याचे म्हणणे. मायला दिलेले सारसाचे चित्र पलीकडच्या पाळीवरून घेतलेले आहे. डाव्या भिंतीवर मधोमध लावले आहे, पाहून घ्यावे. त्यातही सारस लहानच आहे, पण मायला पाठीवरचा गोलही लागला नाही म्हणतात.

आमच्या धाकट्या बहिणीला घुबडाची भीती वाटायची. घरावर पिंगळा ओरडला की कोणीतरी जाणार, असे शेजारच्या बाया सांगत. दादाने तिला समजावले नाही, वादही घातला नाही. तिच्या लग्नानंतर दर वर्षी तो तिला नागपूरला पिंगळ्याचे एक चित्र पाठवीत गेला. खांबावर बसलेली जोडी, पडक्या भिंतीच्या भोकातून डोकावणारा, पावसात भिजून चिमणीएवढा झालेला. सात-आठ वर्षांनी तिनेच पत्र लिहिले की आमच्या गच्चीवर पिंगळा येतो, तू येऊन काढ. १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. ११३ वर्षे तो कोणालाही खात्रीने दिसलेला नव्हता, संपला असेच धरले होते. ती बातमी दादाने कापून तिला पाठवली. पुढे मेळघाटातही तो असल्याचे कळले तेव्हा दादा रजा काढून दोनदा जाऊन आला. त्याला काही तो दिसला नाही. त्या दोन फेऱ्यांतून बहिणीला मिळाले ते सागाच्या पानाचे चित्र. पाठीवर लिहिले आहे : "इथे नव्हता."

आमचा भाऊ पुण्याला कारखान्यात. त्याच्याकडे दर मार्चमध्ये पळसाचे एक चित्र जायचे. भिलाईच्या काकांकडे कवड्या धीवर : काळा-पांढरा, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडून मासा धरतो. आपल्याकडचे ढिवर आणि हा धीवर, नाव एकच, काम एकच. काका मासे धरण्यात पटाईत होते, म्हणून त्यांना तो पक्षी.

एक चित्र नात्याबाहेरचे आहे. दादाचे एक सहकारी, इंजिनावरचे ड्रायव्हर, आज आपल्यात उपस्थित आहेत. एका रात्री त्यांच्या गाडीखाली चितळ आले. मालगाडी ब्रेक लावल्याबरोबर थांबत नाही, एवढ्या वजनाला थांबायला बरेच अंतर लागते. यात त्यांचा काही इलाज नव्हता. या मार्गावर असे होत आले आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूर जिल्ह्यात याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले, ते आपण वाचले असेल. त्या रात्रीनंतर ड्रायव्हर साहेब जेवेनात. दादाने मेलेल्या जनावराचे चित्र कधीच काढले नाही. तो पुढच्या सुटीला त्याच जागी गेला, संध्याकाळपर्यंत बसला आणि रुळांपलीकडे चरणाऱ्या चितळांचा कळप काढून आणला. पाठीवर किलोमीटरचा आकडा, बाकी काही नाही. साहेब आम्हांला म्हणाले, "त्या दिवसापासून तो खांब आला की मी लांब शिटी द्यायचो." ते चित्र निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पेटीत होते.

दादा २०२० च्या सप्टेंबरात गेला. कोरोनाचा काळ. अंत्ययात्रेला वीसपेक्षा जास्त माणसांना परवानगी नव्हती. नेहमीच्या पॅसेंजर गाड्या बंद होत्या. ज्याने सारी हयात गाड्या चालवल्या त्याच्या अखेरच्या दर्शनाला भिलाईहून काकांची मुले येऊ शकली नाहीत, पुण्याहून सख्खा भाऊ वेळेवर पोहोचू शकला नाही. परित्राण पाठाला घरात आम्ही नऊ माणसे होतो.

त्या रात्री भिलाईहून मोबाईलवर एक फोटो आला. त्यांच्या भिंतीवर लावलेल्या कवड्या धीवराच्या चित्राचा फोटो. खाली काही लिहिलेले नव्हते. थोड्या वेळाने पुण्याहून पळस आला. मग वडशाहून, नागभीडहून, बालाघाटच्या मावशीकडून. तीन दिवस येत होते. कोणाच्या चौकटीवर काजळी, कोणाच्या काचेत फोटो काढणाऱ्याचेच प्रतिबिंब. सांत्वनाला शब्द सुचत नसले की माणसे काय करतात, ते आम्ही तेव्हा पाहिले. प्रत्येकाने दादाचे जे आपल्याजवळ होते ते आम्हांला दाखवले. आमच्यातल्या दोघांना तोपर्यंत कल्पनाही नव्हती की इतक्या घरांत तो पोहोचला आहे.

पुढे दोन वर्षे फिरून आम्ही ही चित्रे गोळा केली. एकूण १६८ भरली. निगेटिव्हही सापडल्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवलेल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी चढते, पण यांतल्या फार थोड्या खराब झाल्या आहेत. त्या सर्व स्कॅन करून घेतल्या. आमच्या भाच्याने त्यांतली काही आपल्या फोनवरून जगाला दाखवली. लोकांनी छान म्हटले, कॅमेरा कोणता विचारले. भाच्याला राग येऊ नये, पण आम्हांला त्यात काहीतरी कमी वाटले. आजकाल रोज सकाळी सूर्योदयाची आणि फुलांची चित्रे येतात, ती शंभर जणांना एकदम पाठवलेली असतात. दादाचे चित्र एका माणसाला पाठवलेले होते. पिंगळ्याची ती आठ चित्रे नुसती पाहिली तर पिंगळ्याचीच आहेत. बहिणीच्या घरी पाहिली तर कळते की ती काय आहेत.

म्हणून, अध्यक्ष महोदय, मूळ चित्रे आम्ही ठेवून घेणार नाही आणि विहारालाही देऊ शकत नाही. ती ज्याची त्याच्या घरी परत जातील. आमच्या थोरल्या बहिणीचे मत शेवटपर्यंत वेगळे होते. घरे पडतात, पोरे सामान फेकतात, इथे ती जपली जातील, असे ती म्हणते, आणि तिचे खोटे नाही. मावशीच्या घरचे एक चित्र वाळवीने खाल्लेलेच मिळाले. यासाठी सर्व १६८ चित्रांच्या प्रती, पुढच्या आणि पाठच्या दोन्ही बाजूंच्या, करून आम्ही आज वाचनालयाला देत आहोत.

एकच मूळ चित्र इथे राहील. ते दादाच्या कपाटात सापडले, कोणाला दिलेले नव्हते. कमळपक्षी आहे, कमळाच्या पानावरून लांब बोटांनी चालत जाणारा. पाठीमागे लिहिलेले काही नाही. पेन्सिलीने तेच चित्र रेखाटले आहे आणि पक्षी आहे तिथे गोल काढला आहे. कागदाच्या कोपऱ्यात दादाच्या हातची तारीख २०१४ च्या जानेवारीची आहे. माय २०११ साली गेली. त्या चित्राला परत पाठवायला घर नाही, तेव्हा समितीने ते ठेवून घ्यावे. काचेत लावताना मात्र पाठ झाकली जाणार नाही, असे लावावे.

प्रदर्शन पौर्णिमेपर्यंत खुले आहे. त्यानंतरच्या रविवारी ज्यांची चित्रे आहेत त्यांनी सकाळी दहाला येऊन आपापली घेऊन जावीत. आणखी कोणाकडे दादाने दिलेले चित्र असेल तर त्याच दिवशी आणावे, आम्ही प्रत काढून तिथल्या तिथे परत देऊ. पुठ्ठ्यावर चिकटवलेले असेल तर घरी ओढून काढू नका, तसेच आणा. आमच्या भाच्याने ते सोडवायला शिकून घेतले आहे.