स्वागताध्यक्षांचे भाषण : काविळीचं औषध आणि त्याचा पुरावा



यकृत राखणाऱ्या वनस्पतींची परिषद वाशीमलाच का, असं काहींनी विचारलं. त्यांनी पावसाळ्यात आमच्या सोयाबीनच्या शेतात यावं. निंदणाला बसलेल्या बाया जे तण उपटून धुऱ्यावर टाकतात, त्यात भुईआवळी असते. फांदी उलटी केली की पानांखाली मोहरीएवढ्या हिरव्या फळांची ओळ दिसते. तिचाच रस गावोगाव काविळीला अनशापोटी देतात.

पण हेपॅटायटिस 'ए'ची कावीळ बहुतेकांची आपसूक उतरते. मग गुण रसाचा की शरीराचा? 1988 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने हेपॅटायटिस 'बी'वर भुईआवळीची मोठी आशा दाखवली. पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही. कुटकी या दुसऱ्या वनस्पतीचं वेगळं झालं. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी काविळीच्या 15 रुग्णांना कुटकी दिली, 18 जणांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं काही. कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. काविळीत रक्तात वाढणारं बिलिरुबिन सरासरी 2.5 मिलिग्रॅम टक्क्यांपर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सुमारे 27 दिवस लागले, दुसऱ्या गटात 76. या चाचणीचा निबंध 1996 चा. रुग्ण थोडेच होते, तरी मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

गुणासारखीच इजेचीही बाजू तपासायला हवी. कोरोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला : वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही, ती सारखी दिसणारी दुसरी जातही असू शकेल. वाद कसाही मिटो, घेणाऱ्याच्या हातात नेमकी कोणती वेल होती हा प्रश्न जिवाशी आहे.

म्हणून संशोधकांकडे माझं एकच मागणं आहे. आमच्या शेतकऱ्याला आणि गावच्या जाणकाराला झाड ओळखून द्या, त्यातला औषधी घटक मोजून द्या, मात्रा किती आणि कोणी घेऊ नये हे मराठीत लिहून द्या. कावीळ झालेला माणूस गुंगीत जाऊ लागला तर काढा बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा, हेही त्याच कागदावर ठळक असू द्या.

मंडपाच्या डाव्या हाताला माका, पुनर्नवा, कालमेघ आणि वेगवेगळ्या गावांतून आलेल्या गुळवेली नावासह मांडल्या आहेत. चहाच्या वेळी वनस्पतीतज्ज्ञांनी प्रत्येक चिठ्ठी तपासावी, आणि नाव चुकलं असेल तिथे बदलून टाकावं.